बंद न पडणारी गाडी

पिन काढताना काही झालं नाही. परत बसवली तेव्हा दिवा लागला. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा, करंगळीच्या नखाएवढा. हिंदुराव एक पाय गाडीत आणि एक पाय अंगणात असा अर्धवट बसून त्या दिव्याकडे बघत राहिला. इंजिन चालू होतं आणि आवाजात कुठं खोट नव्हती, हे त्यानं डोळे मिटूनही सांगितलं असतं. गाडी बरी होती. तरी दिवा जात नव्हता. त्यानं गाडी बंद केली, मनात दहा आकडे मोजले, पुन्हा चालू केली. दिवा जिथल्या तिथं. घरातून न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. ऋतुजा केस धुवायला बसली की अर्धा तास बाहेर येत नाही, हे तिच्या शाळेपासूनचं. म्हणजे अजून वीस मिनिटं हातात होती, आणि वीस मिनिटांत हिंदुरावनं आजवर काय काय केलं होतं! फियाटचा कार्बोरेटर खोलून, धुऊन, परत बसवून वर चहा प्यायला होता. विजापूर रोडला भर दुपारी बंद पडलेली वरातीची जीप नवरा-नवरीला खालीसुद्धा न उतरवता चालू करून दिली होती. आणि आता एवढ्याशा दिव्यापुढं त्याचं काही चालत नव्हतं.

करायचं ठरवलं होतं ते इतकंच, की ही गाडी आज बंद पडावी. एक दिवस. जास्त नाही. ऋतुजा, त्याची एकुलती एक मुलगी, काल दुपारी पुण्याहून आली होती आणि आज बाराला परत निघणार होती. आज संध्याकाळी भाड्याच्या फ्लॅटची जादाची किल्ली मालकाला द्यायची, उद्या सामान बांधायला माणसं येणार, आणि बुधवारी विमान. जर्मनी. तीन वर्षं. गाड्यांच्या आत जे छोटे संगणक बसवतात त्यांचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीत ती होती आणि कंपनीच तिला पाठवत होती. हिंदुरावचं गॅरेज होटगी रोडवर, गॅरेजच्या मागं घर, आणि मधे हे अंगण. महिनाभर त्यानं रस्त्यावरच्या एकेकाला अडवून ही बातमी सांगितली होती. पंक्चरवाल्यापासून बेकरीवाल्यापर्यंत पेढे वाटले होते. एवढं झाल्यावर पोरीला थांब कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर पेढे वाटले नसते तरी त्याला ते म्हणता आलं नसतं. तो शब्द त्याच्या तोंडून कधी निघालाच नव्हता. बाप मेंढरं घेऊन सांगोल्याच्या माळावरून चार-चार महिने निघून जायचा, मागोमाग आईही जायची, आणि शाळेसाठी मागं ठेवलेला हिंदुराव चुलत्याच्या दारात उभा राहून लांब जाणाऱ्या धुळीकडे बघायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, जाऊ द्या की. ती सवय अंगात मुरली. बायको, मायाक्का, गेली तेव्हा तर म्हणायला वेळही मिळाला नाही. तीन वर्षांपूर्वी, झोपेतच. आदल्या दिवशी शेंगाचटणी कुटून बरणी भरून ठेवली होती तिनं. आधी कुठला दिवा लागला नाही, कुठला आवाज बदलला नाही. रस्त्याच्या पलीकडनं जाणाऱ्या ट्रकचं बेअरिंग गेलंय हे ज्याला खाटेवर पडल्या पडल्या कळायचं, त्याला शेजारी झोपलेल्या बायकोचं काही ऐकू आलं नव्हतं. ते त्याला अजून सलतं.

गाडी बंद पाडायची अक्कलही मायाक्कावरूनच सुचलेली. ती मंद्रूपची. लग्नाला वर्ष व्हायचं होतं, पंचमी आली, आणि तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ कल्लप्पा कुणाची तरी फियाट मागून घेऊन दारात हजर झाला. हिंदुराव तेव्हा सात रस्त्याच्या एका गॅरेजात कामाला होता आणि एका खोलीत संसार होता. मायाक्का हिरवी साडी नेसून, पिशवी भरून तयार होती. ती भावाशी कानडीत भराभरा बोलत होती, हसत होती, आणि ती कानडी ऐकताना हिंदुरावला वाटलं, ही तर इथं उभ्या उभ्याच मंद्रूपला पोचली. त्यानं काही ठरवलं नव्हतं. पाणी बघतो म्हणून बॉनेट उचललं, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, आतला रोटर उपसला आणि शर्टाच्या खिशात टाकला. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा तो, गरागरा फिरून ठिणगी वाटून देणारा. रोटर नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर मंद्रूप नाही. कल्लप्पानं सेल मारून मारून बॅटरी उतरवली. मग हिंदुरावनं चेहरा सुतकी करून तासभर ती गाडी तपासली. नाटकात काम केलं असतं तर बक्षीस घेऊन आला असता. शेवटी हात पुसत म्हणाला, "सामान मागवायला लागंल पावणं. उद्या. न्हाय तर परवा." कल्लप्पा वैतागून शहरातल्या दोस्ताकडं मुक्कामाला गेला.

आणि मग तो एक दिवस. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. मायाक्का सकाळी थोडी रुसली, मग तिनं शेंगापोळ्या लाटल्या. दुपारी पाऊस येईल असं वाटलं, आला नाही. संध्याकाळी दोघं तळ्याच्या कडेनं चालत निघाली, देवळाच्या बाजूनं वारा येत होता, आणि एका दगडावर बसून, चप्पल काढून तळपाय चोळत ती म्हणाली, "बरं झालं, बंद पडली." एवढंच. खिशातला रोटर हिंदुरावला छातीशी टोचत होता. त्यानंतर पस्तीस वर्षं गेली, घर झालं, स्वतःचं गॅरेज झालं, पण तसा दिवस काही परत मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी रोटर जागेवर गेला, फियाट पहिल्या सेलला सुरू झाली, आणि कल्लप्पानं त्याच्या पाठीवर थाप मारली, "दाजी, तुमच्या हाताला गुण हाय!" म्हातारपणी एकदा हसत हसत मायाक्काला हे सांगू, असं हिंदुरावनं ठेवून दिलं होतं. ते राहूनच गेलं.

तेव्हा गाड्या बंद पडायच्या आणि माणसं थांबायची. गॅरेजच्या दारात एक लाकडी बाक होता, त्यावर कोण बसलं नाही! जेऊरचा केळीवाला बसला, चिंचोळी एमआयडीसीतला मॅनेजर बसला, कुणाकुणाच्या सासवा बसल्या. प्लग साफ होईतो माणूस घरचं सगळं सांगून मोकळा व्हायचा. हिंदुराव लांब पात्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि बोट वर करून त्या माणसाला गप्प करायचा. आत कुठं टॅपेट वाजतोय, कुठं चेन ढिली झालीय, हे सगळं त्या दांड्यातून हाडात उतरायचं. ऋतुजा लहान असताना तोच स्क्रूड्रायव्हर घरातल्या फ्रिजला लावून बसायची आणि आईला सांगायची, "आई, फ्रिजचा घसा बसलाय." मायाक्का म्हणायची, "इरली बिडु, असू दे गं, काढा दे त्याला." आता बाकावर जुने टायर पडलेले असतात. गाडी आली की आधी समोरच्या मंजुनाथकडं जाते. मंजुनाथनं स्कॅनर आणलाय. स्टिअरिंगच्या खाली पिन खुपसली की पाटीवर आकडा येतो, आकड्यासमोर रोगाचं नाव, आणि गिऱ्हाईक खाली न उतरताच निघून जातं. मंजुनाथ भला माणूस. हिंदुरावच्या गाड्याही तोच तपासून देतो, चहा पाजतो, आणि म्हणतो, "हिंदुरावआण्णा, काम किती सोपं झालं बघा. तुमी उगंच रागराग करताय." सोपं झालंय, हे हिंदुरावला कबूल होतं. तो काही अडाणी नव्हता. पूर्वी जो फॉल्ट शोधायला दोन दिवस जायचे तो आता दोन मिनिटांत कळतो. पण पाटी नाव सांगते, का ते सांगत नाही. सेन्सर गेला म्हणते. तो का गेला, कुठल्या पाण्यानं गेला, कुणाच्या कुठल्या सवयीनं गेला, ते विचारायला माणूस समोर लागतो, आणि माणूस तर काच वर करून गेलेला असतो. मागच्या दिवाळीत हे तो ऋतुजाला म्हणाला होता. ती लॅपटॉपमधनं वर न बघता म्हणाली होती, "आण्णा, पुढच्या गाड्या तर बंद पडायच्या आधीच सांगतील. बंद पडणारच नाहीत." ती हे आनंदानं म्हणाली होती. त्यालाही अभिमान वाटला होता. मग तो हात धुवायला न्हाणीत गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

बंद न पडणारी गाडी घेऊन ती यायची आणि ठरल्या वेळी निघून जायची. तीन वर्षांत एकदाही तिची गाडी रखडली नाही, पंक्चर नाही, पट्टा तुटला नाही, काही नाही. हिंदुराव ती आली की गाडीभोवती एक फेरी मारायचा, बॉनेट उघडायचा, काळं प्लॅस्टिकचं झाकण बघायचा आणि बॉनेट लावून टाकायचा. काल रात्री जेवताना ती म्हणाली, "बाराला निघते. म्हणजे सातपर्यंत सगळं आवरेल." तो म्हणाला, "व्हय की, उशीर करू नको." सकाळी ती न्हाणीत गेली तसा तो खुंटीवरची किल्ली घेऊन बाहेर आला. रोटर आता नसतोच. पण प्रत्येक इंजिनाला फेरी मोजायला एक सेन्सर असतो, आणि तो गप्प बसला की संगणकाला वाटतं इंजिन फिरतच नाही, मग तो पेट्रोल सोडत नाही. हे मंजुनाथनंच त्याला शिकवलं होतं. हिंदुराव मागून हात घालून घालून त्या पिनेपर्यंत पोचला. मनगटावर पट्टीच्या कडेनं ओरखडा उठला. टिक करून पिन सुटली. त्यानं सेल मारला. इंजिन फिरत राहिलं, फिरत राहिलं, धरलं नाही. आणि त्या क्षणी त्याला इतका आनंद झाला की एकसष्टाव्या वर्षी अंगणात एकटाच उभा राहून तो हसला.

तो आनंद काही टिकला नाही. एकतर तो आवाज. धडधाकट इंजिन फुकट फिरत होतं आणि पेट घेत नव्हतं. कुणाचं तरी तोंड आपण हातानं दाबून धरलंय असं त्याला वाटलं. आणि दुसरं म्हणजे, त्याला एकदम कळलं की ऋतुजा म्हणजे कल्लप्पा नव्हे. कल्लप्पाकडं वेळ होता, दोस्त होता, रागावून मुक्काम करायला शहर होतं. गाडी बंद पडली म्हणून ही थांबायची नाही. मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढील, नाही मिळालं तर दुसरी गाडी बोलावील, आणि जे चार तास हातात आहेत तेही त्या धावपळीत जातील. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्यानं घाईघाईनं पुन्हा हात घातला, पिन जागेवर दाबली, टिक आवाज ऐकला, गाडी चालू केली. आणि मघाचा तो दिवा. जुन्या गाड्यांचं हे बरं होतं, की त्या विसरायच्या. रोटर काढला, रोटर घातला, फियाटला त्याचं काही नव्हतं. हिनं मात्र लिहून ठेवलं होतं. वरून काही कळत नव्हतं, पण आत कुठंतरी त्याचा सकाळचा उद्योग नोंदला गेला होता, आणि ती नोंद पुसायची कशी हे त्याला माहीत नव्हतं.

मंजुनाथचं दुकान रविवारी बंद. मग हिंदुरावला जुनी युक्ती आठवली. बॅटरीचं टर्मिनल सोडायचं, थोडा वेळ थांबायचं, परत लावायचं, म्हणजे सगळं विसरतं. मारुतीच्या पहिल्या गाड्यांना तो असंच करायचा. दहा नंबरचा पाना आणला, टर्मिनल सोडलं, तारेचं तोंड बाजूला धरून उभा राहिला. न्हाणीतलं पाणी थांबलं होतं. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. आता ती केस झटकत असेल, आता पंचा गुंडाळत असेल. त्यानं तार परत बॅटरीवर चढवली मात्र, आणि गाडी बोंब मारून उठली. हॉर्न, चारी कोपऱ्यांचे दिवे, एकसारखं. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून बघितलं. कुत्री भुंकायला लागली. हिंदुराव हातातल्या किल्लीची सगळी बटणं एकामागोमाग दाबत सुटला आणि चोरी सापडलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते त्या अख्ख्या गल्लीला दिसलं.

"आण्णा! काय झालं?" केसांना पंचा गुंडाळलेली ऋतुजा अनवाणी पळत आली. तिनं त्याच्या हातातून किल्ली घेतली, एक बटण दाबलं, आणि सगळं शांत झालं.

"टर्मिनल साफ करत हुतो," हिंदुराव म्हणाला. "पांढरं जमलं हुतं जरा."

"नव्या बॅटरीवर?"

ती सीटवर बसली. बॅटरी सुटल्यानं गाडीतलं घड्याळ बारा दाखवत होतं, सकाळचे साडेआठ वाजलेले. आणि दिवा होताच. तिनं त्याच्याकडं बघितलं. आत जाऊन आपल्या बॅगेतून काड्यापेटीएवढा एक तुकडा घेऊन आली, स्टिअरिंगखाली खुपसला आणि मोबाइल उघडून वाचायला लागली. वाचताना तिच्या कपाळाला आठी पडली. मायाक्का ज्वारीतले खडे वेचायची तेव्हा तिच्या कपाळाला अशीच आठी पडायची, आणि हिंदुराव त्या आठीकडं बघत राहिला. थोड्या वेळानं काय होणार आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याला वाटलं, हिनं हे असंच वाचत बसावं.

"फेरी मोजणारा सेन्सर," ती म्हणाली. ऑफिसात बोलावं तसं, सरळ. "त्याचं कनेक्शन सुटलं होतं. रस्त्यात नाही सुटलं. काल मी इथे गाडी लावली तेव्हाचे जे किलोमीटर आहेत, तेच फॉल्टचे पण आहेत. म्हणजे गाडी उभी असताना. इथेच. आणि सेल मारून बघितलाय कुणीतरी, तेव्हा इंजिनचं तापमान..."

ती मधेच थांबली. तिची नजर त्याच्या हाताकडं गेली होती. उजवा हात मनगटापर्यंत काळा, आणि त्यावर ताजा लाल ओरखडा. हिंदुरावनं हात मागं घेतला.

तिनं मोबाइलवर बोट वरखाली सरकवलं. मग म्हणाली, "उंदीर असेल."

"आँ?"

"उंदीर. वायरी खातात, पिना ओढतात. पुण्यात पण लई गाड्यांना होतंय हे." आणि तिनं वर बघितलंच नाही.

हिंदुरावला एकदम हलकं वाटलं. उंदीर! होटगी रोडच्या उंदरांची कीर्ती तर सगळ्या शहरात होती. मांजराएवढे एकेक. त्यानं स्वतः दर पावसाळ्यात त्यांनी खाल्लेल्या वायरी जोडून दिल्या होत्या. एक शब्द, व्हय म्हटलं की संपलं. पोरीनं दार उघडून धरलं होतं, त्यानं फक्त बाहेर पडायचं होतं. इतक्या मायेनं कुणी त्याच्यासाठी खोटं बोललं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला ते खोटं घेववेना. आज हो म्हटलं तर हेही ठेवून दिलेलं होईल, पुढंमागं सांगू म्हणून. तीन वर्षं. आपण एकसष्ट.

"उंदीर न्हाय," तो म्हणाला. "मीच काढली पिन."

"माहीत आहे," ऋतुजा म्हणाली.

"परत बसवली. पण ह्यो दिवा जाईना."

"का काढली, आण्णा?"

तो इंजिनात बघत राहिला. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, काळं झाकण होतं. "आजच्या दिवस थांब, असं म्हणायचं हुतं."

"मग म्हणायचं ना."

"म्हणतो की आता." पाना हातातच होता, तो बॅटरीवर ठेवावा की खिशात घालावा हे त्याला सुचेना. "थांब," तो म्हणाला.

अंगणात ऊन आलं होतं. ऋतुजा सीटवरून उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. पंचाचं टोक ओढून तिनं ते पुसले आणि म्हणाली, "नाही जमणार, आण्णा. खरंच नाही जमणार हो. संध्याकाळी किल्ली द्यायचीय, सकाळी सातला ट्रकवाले येतायत. जमत असतं तर..."

"व्हय, व्हय. ते कळतं की मला." त्याला ते लागलं. जन्मभर ज्या भीतीनं तो शब्द काढला नव्हता तेच झालं होतं, मागितलं आणि मिळालं नाही. पण गंमत अशी की तो उभा होता. जमीन काही फाटली नव्हती. पोरगी समोर होती आणि रडत होती, आणि ती त्याच्यासाठी रडत होती, ही गोष्ट त्यानं पहिल्यांदाच जवळून बघितली. त्यानं काळा हात पँटला पुसला, तरी तो तिच्या डोक्यावर ठेवायचं त्याला धाडस होईना, नुकते धुतलेले केस. तिनंच तो हात ओढून घेतला.

थोड्या वेळानं तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. "हे विचारतंय, सगळ्या नोंदी पुसू का? तुम्हीच दाबा."

"मी?"

"मेकॅनिक कोण हाय हितं?"

त्यानं बोट टेकवलं. गोल गोल काहीतरी फिरलं आणि दिवा गेला. ना आवाज, ना वास, ना हाताला काही लागलं.

"काम लई सोपं झालंय," हिंदुराव म्हणाला, आणि ती रडता रडता हसली.

मग सकाळ नेहमीसारखी गेली. तिनं त्याच्या गोळ्यांच्या डब्यावर वार लिहिले. त्यानं तिच्यासाठी कडक भाकरी वर्तमानपत्रात बांधली, चटणी दोन पिशव्यांत घातली. जर्मनीत चटणी चालते का, हे दोघांनाही माहीत नव्हतं. सव्वाबाराला ती निघाली. "येते, आण्णा," म्हणाली, पाया पडली, काच खाली ठेवूनच वळली. हिंदुराव रस्त्यापर्यंत गेला. गाडीचा आवाज त्यानं चौकातल्या रिक्षांच्या गलक्यात मिसळेपर्यंत ऐकला. परत येऊन तो गॅरेजात शिरला, बाकावरचे टायर एकेक करून खाली उतरवले आणि तिथं बसला. बसल्यावर त्याला कळलं की दिवस फार मोठा आहे. अजून एकसुद्धा वाजला नव्हता. सात हजार किलोमीटरवरची तीन वर्षं त्याला कल्पनेत धरता येत नव्हती, पण ही दुपार येत होती, आणि ती त्याच्या अंगावर आली. त्याला मायाक्काची आठवण झाली, आणि पोरीची आठवण झाली, जी अजून मोहोळलासुद्धा पोचली नसेल.

फोन वाजला तेव्हा ती निघून तास झाला होता.

"आण्णा," ऋतुजा म्हणाली. मागं हायवेचा आवाज होता, ट्रक जात होते. "मोहोळच्या पुढं बाजूला थांबलेय. गाडीतनं काहीतरी वाजतंय."

तो ताडकन उठला. "काय वाजतंय? दिवा लागला का?"

"नाही, दिवा नाही लागला."

"मग ते तुजं यंत्र लावून बघितलंस का? काय म्हणतंय?"

"काही नाही म्हणतंय. त्याला नाही कळत. तुम्ही ऐका ना."

बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग तिनं फोन इंजिनाजवळ धरला असावा, कारण हायवे मागं गेला आणि इंजिन पुढं आलं. हिंदुरावनं दुसऱ्या कानावर तळहात दाबला आणि डोळे मिटले. इंजिन एका लयीत चाललं होतं. इंजेक्टरची बारीक टिकटिक, ती असायचीच. पट्टा ठीक. पंखा सुरू झाला, आपोआप थांबला. टॅपेट नाही, चेन नाही, बेअरिंग नाही. त्यानं पुन्हा एकदा सगळं ऐकलं, वरपासून खालपर्यंत. काहीसुद्धा वाजत नव्हतं. आणि मग त्याला त्या इंजिनाच्या शेजारी, अगदी जवळ, तिचा श्वास ऐकू आला.

"येतंय का ऐकू?" तिनं विचारलं.

"येतंय की," हिंदुराव म्हणाला. तो हळूच बाकावर बसला. "पण लगेच न्हाय कळायचं. बंद करू नको. ऋतू, अजून जरा जवळ धर."